हिलालआप्पांची भरली गाडी

एसटीतून जाताना पुढे नाल्यावरची फरशी, म्हणजे बुटका दगडी पूल, दिसली की अजूनही माझं बूड आपोआप सीटवरून उचललं जातं. शेजारचा प्रवासी विचारतो, "इथं उतरायचं का?" मी नाही म्हणतो आणि पुन्हा बसतो. ही सवय माझी नाही. ती हिलालआप्पांची आहे. त्यांच्याकडून मी पुष्कळ काही घेतलं, त्यात हीसुद्धा आली.

आप्पा लोकल बोर्डाचे ओव्हरसियर होते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशातला एक तालुका होता आणि वरचं सगळं कामकाज धुळ्याहून चालायचं. तापीला मोठा पूर येऊन गेला की रस्ते, मोऱ्या, फरश्या, पाणवठे यांचं काय झालं ते पाहून कळवणं हे आप्पांचं काम. शेतांची पाहणी खरं तर महसूल खात्याची, पण मामलेदार आप्पांना बरोबर घेतल्याशिवाय नदीकाठी जात नसत. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. मी नुकताच बी. ए. होऊन बोर्डाच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. वडील नंदुरबारला शिंपीकाम करत. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी त्यांनी स्वतः कोट शिवला होता आणि नव्या चपला घेऊन दिल्या होत्या.

त्या कोटाकडे आणि चपलांकडे आप्पांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बी. ए. झालास, फार चांगलं. आता चपला काढ."

मला वाटलं, कचेरीत चपला चालत नसाव्यात. पण आप्पा बाहेर निघाले होते. पूर ओसरलेल्या शेतात त्यांनी मला अनवाणी उतरवलं आणि बांधापर्यंत चालवत नेलं. "काय लागलं पायाला?" मी म्हटलं, चिखल. "कसला चिखल? रव्यासारखा की लोण्यासारखा?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "परत जा आणि परत ये." मी परत गेलो, परत आलो. दुसऱ्या खेपेला कळलं की बांधाजवळ पाय लोण्यात गेल्यासारखा घसरतो आणि नदीच्या बाजूला तळव्याला खरखर लागते. लोण्यासारखा असतो तो गाळ, रव्यासारखी असते ती वाळू. गाळ शेताचं भलं करतो आणि वाळू शेत मारते. दुरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं.

आप्पा देहाने आडवे होते. गोल चेहरा, जाड मिशा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि हातात बारा महिने छत्री. पाऊस आला तरी ती क्वचितच उघडायची, कारण तिचं टोक जमिनीत खुपसण्यासाठी होतं. आवाज असा की नदीच्या अल्याडहून पल्याडच्या नावाड्याला हाक मारली तर मधले बगळे उडायचे. स्वतःबद्दल त्यांना कसलाही संकोच नव्हता. "या तालुक्यातलं पाणी मला विचारल्याशिवाय वळत नाही," असं ते साहेबांसमोरही म्हणत आणि वर स्वतःच हसत. पुण्याला जाऊन ओव्हरसियरची परीक्षा पास झालेले, घर तापीकाठच्या शेतकऱ्यांचं. त्यामुळे कचेरीत शुद्ध मराठी आणि कचेरीची पायरी उतरली की अहिराणी. पायरीवर असताना कधीकधी एकाच वाक्यात दोन्ही.

माझा लिहिलेला मसुदा ते मोठ्याने वाचून घेत. "पूर भयंकर होता," असं मी एकदा लिहिलं होतं. आप्पांनी हात वर केला. "थांब. भयंकर होता हे नदीला सांग. मला काय वाहून गेलं ते सांग." तेव्हापासून माझ्या लेखनातून भयंकर, अतोनात, अपरिमित असे सगळे शब्द गेले. कॉलेजात मी असल्याच शब्दांवर बक्षीस मिळवलं होतं.

दौऱ्याला जाताना ते बोर्डाचा टांगा घेत नसत. रस्त्यावर उभे राहायचे आणि कापसाची, धान्याची, मिरचीची भरलेली बैलगाडी आली की हात करून तिच्यावर चढायचे. रिकामी गाडी आली तर हात करायचे नाहीत. एकदा रखरखीत उन्हात दोन रिकाम्या गाड्या मोकळ्या सोडल्यावर मी कुरकुरलो. ते म्हणाले, "रिकाम्या गाडीला सगळे रस्ते चांगले. रस्ता कसा आहे ते ओझ्याला विचारायचं." भरली गाडी मिळाली की पोत्यांवर बसून डोळे मिटून घ्यायचे. झोपले असं वाटायचं, पण मध्येच म्हणायचे, "डावीकडे खड्डा, लिही." ते चाकाचा आवाज ऐकत असत.

मात्र फरशी आली, मोरी आली, नाला आला, की आप्पा खाली. तब्येत कशीही असो. नाल्यात टिपूसभर पाणी नसलं तरी ते उतरायचे, छत्री काखेत मारायचे आणि चाकाच्या बाजूने, त्याच्यावर नजर ठेवून पलीकडे चालत जायचे. गाडीवानांना हे माहीत होतं. फरशी जवळ आली की ते आपणच बैल थांबवायचे. "उतरा आप्पा, तुमनं देऊळ उनं," म्हणजे तुमचं देऊळ आलं, असं एक गाडीवान दर वेळी म्हणायचा. आप्पा म्हणायचे, "पाण्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बांधकामावर माझा विश्वास नाही. मी स्वतः बांधलेलं असलं तरी नाही."

दुसरी एक गोष्ट म्हणजे जेवण. ज्याच्या शेताची किंवा रस्त्याची पाहणी असेल त्याच्या घरी ते जेवत नसत. दशम्या आणि लाल मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणलेला असायचा. बाजारपेठेतल्या एका शेठजींनी एकदा नदीकाठच्या आपल्या मळ्यात मोठा बेत केला होता. बासुंदीचा वास बांधापर्यंत येत होता. शेठजी हात जोडून म्हणाले, "आप्पासाहेब, सगळं शेत गेलं. हातभर चिखल साचला आहे. आता काय पिकणार?" आप्पांनी छत्री खुपसली, वर काढली, टोकाला आलेली माती बोटांनी चोळली आणि ती बोटं शेठजींच्या नाकाशी नेली. "शेठजी, वास घ्या. तापीमायनं तुमच्या घरी बासुंदी पाठवली आहे. एवढं खत तुम्हाला गाड्या लावून आणता आलं नसतं. नुकसान नाही, नफा लिहायचा असता तर तोही लिहिला असता." शेठजी हसले, पण बासुंदी परत आत गेली. आम्ही नदीकाठच्या बाभळीखाली दशम्या खाल्ल्या. मला बासुंदीची हळहळ वाटत होती, ते आप्पांना कळलं. "ठेचा घे," म्हणाले, "सगळं विसरशील." खरंच विसरलो.

याच्या उलट गोष्ट सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. तळोद्याच्या बाजूला, डोंगरातून येणाऱ्या एका नदीने काठची शेतं धुऊन नेली होती. तिथे रुमलीबाई नावाच्या एका भिल्ल बाईचं शेत होतं. आम्ही गेलो तेव्हा ते हिरवंगार दिसत होतं. तिला विचारलं तर ती मान हलवून म्हणाली, काही गेलं नाही. आमच्या आधी तिच्याकडे आलेला महसूल खात्याचा कारकून तसंच लिहून घेऊन गेलाही होता. आप्पा तिच्या बोलीत काहीतरी म्हणाले. त्यांची भिल्ली इतकी मोडकी होती की झोपडीतली सगळी माणसं हसायला लागली. त्या हसण्यात आप्पा शेतात शिरले. छत्रीचं टोक बोटभर खाली गेलं आणि दगडावर खट्टकन वाजलं. पुन्हा दुसरीकडे खट्ट. वरची सगळी माती गेली होती आणि खडकावर नुसतं गवत उगवलं होतं. रुमलीबाई तोंड फिरवून उभी राहिली. परत येताना मी आप्पांना विचारलं, "तिने सांगितलं का नाही?" त्यांनी छत्रीच्या टोकाची माती पुसली. मग म्हणाले, "अरे, घर फुटलेलं परक्याला दाखवायला कुणाला बरं वाटतं?"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच किती उपयोगी पडणार आहे ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

तापीकाठी निंबखेडं म्हणून एक गाव आहे. गाव आणि नंदुरबारचा रस्ता यांच्यामध्ये एक खोल नाला आहे. त्यावरची जुनी, बुटकी फरशी पावसाळ्यात सारखी पाण्याखाली असायची. त्या वर्षी पुराचं पाणी तापीतून उलटं नाल्यात शिरलं आणि फरशीचे दगडसुद्धा घेऊन गेलं. बोर्डाकडे पैसा थोडा आणि फुटलेले रस्ते पुष्कळ. कुठला रस्ता पुन्हा बांधायचा आणि कुठला सोडून द्यायचा ते प्रांतसाहेब स्वतः फिरून ठरवणार होते. निंबखेडं त्यांच्या वाटेत शेवटचं होतं. गावाला नवी, उंच फरशी हवी होती. ती या पाहणीत मिळाली नाही तर मग कधी मिळेल, कुणाला सांगता येत नव्हतं.

निंबखेड्याचे पाटील नथूबाबा कचेरीत येऊन बसत. त्यांचं बोलणं नेहमी एकाच ठिकाणी यायचं. "मन्ही सोनी, लगीन व्हयनं तवयपाईन कानबाईले उनी नही." लग्न झाल्यापासून त्यांची लेक सोनी कानबाईला माहेरी आली नव्हती. कानबाईचा सण आमच्याकडे श्रावणात असतो. त्याला लेकी माहेरी येतात, रात्रभर गाणी होतात. निंबखेड्याच्या लेकी श्रावणात नाल्याच्या पलीकडून परत जात. सोनी एका वर्षी मूल कडेवर घेऊन पलीकडच्या काठापर्यंत आली होती. आई अलीकडे उभी होती. दोघींनी पाण्यावरून एकमेकींशी बोलून घेतलं आणि सोनी परतली. पाटील हे सांगताना हसत. आप्पा मात्र त्या वेळी छत्रीच्या मुठीकडे पाहत असत.

पाहणीच्या सकाळी आम्ही दोघे साहेबांच्या आधी नाल्यावर पोहोचलो. चालतच गेलो, कारण निंबखेड्याकडे जाणारी भरलेली गाडीच मिळेना. नाल्याच्या काठावर आलो आणि आप्पा थबकले.

नाल्यात रस्ता होता. नुसता रस्ता नव्हे, सुरेख रस्ता. दगड वाहून गेलेलं ते भगदाड भरून काढलं होतं. वर मुरूम पसरला होता, मुरमावर शेणाचा सडा होता, दोन्ही कडांना पांढऱ्या रांगोळीची रेघ होती. दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. नथूबाबा धुतलेलं धोतर नेसून हातात झेंडूचा हार घेऊन उभे होते आणि सगळं गाव त्यांच्या मागे.

"आप्पा, कसा शे रस्ता?" पाटलांचा चेहरा फुलला होता. "सारं गाव राबनं."

"नथूबाबा," आप्पांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला, "हाई काय करं तुम्ही?"

"सायेब पयल्यांदाव आपला गावले येस. पाव्हनाले फुटेल रस्ता दखाडतस का कोनी? लोके काय म्हनतीन?"

"आरे बाबा, तो फुटेल रस्ताच देखाले येस!"

साहेब फुटलेला रस्ता पाहायलाच येत आहेत हे कळताच पाटलांच्या हातातला हार खाली आला. मागच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. खाली काय भरलं आहे, आप्पांनी विचारलं. बाभळीच्या फांद्या, चिखल आणि कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या. घराघरांतल्या बायकांनी चुलीसाठी साठवलेल्या पऱ्हाट्या नाल्यात आणून टाकल्या होत्या. वर्षाचं जळण त्या रस्त्याच्या पोटात गेलं होतं.

"आते उकरी टाकूत?" एका तरण्या गड्याने कुदळ उचलली.

"ठेव ती खाली," आप्पा ओरडले. "आता उकरलं तर साहेब म्हणतील, भगदाड यांनीच खणलं."

तेवढ्यात लांब दमणीच्या घुंगरांचा आवाज आला. साहेबांना आणायला गावाने सजवलेली, छपराची हलकी दमणी मुख्य रस्त्यापर्यंत पाठवली होती. ती या रस्त्यावरून घुंगरं वाजवत सहज पलीकडे गेली असती, साहेबांनी हार घालून घेतला असता आणि 'रस्ता उत्तम' असं लिहून ते परतले असते. ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण कुजबुज थांबली. नथूबाबा खाली बसले.

आप्पांनी चारी बाजूंना पाहिलं. मुरूम वाहणारी पाटलांची बैलगाडी काठावर उभी होती. शेजारच्या शेतावर पुराने वाळूचा थर टाकलेला होता. आप्पांचा आवाज परत आला. "घमेली घ्या. ही गाडी वाळूने भरा. काठोकाठ. चला, बघता काय?"

दमणी येऊन थांबेपर्यंत गाडी भरली होती. प्रांतसाहेब तरुण होते, दक्षिणेकडचे, मराठीची परीक्षा नुकतीच दिलेले. पुस्तकात असतं तसं मराठी ते सावकाश बोलत. त्यांनी रस्ता पाहिला आणि म्हणाले, "मार्ग तर अत्युत्तम आहे."

आप्पा पुढे झाले. "साहेब, एक विनंती आहे. आपण दमणीतून उतरून या गाडीत बसावं."

"का बरे? दमणी मजला सोयीची आहे."

"दमणी पाहुण्यांसाठी आहे, साहेब. या रस्त्याने पाहुणे रोज जात नाहीत, कापूस जातो. कापसाच्या जागी बसून बघावं."

साहेबांनी क्षणभर आप्पांकडे पाहिलं. मग ते उतरले आणि वाळूवर, गाडीवानाच्या मागे जाऊन बसले. आप्पांची नोकरी त्या गाडीत साहेबांच्या शेजारीच बसली आहे असं मला वाटत होतं. नथूबाबांनी आप्पांची बाही ओढली. "आप्पा, सायेब पडी ग्या तं?"

"मऊ पडतील," आप्पा हळूच म्हणाले. "खाली तुमच्याच पऱ्हाट्या आहेत."

गाडी उतरली. आप्पा नेहमीप्रमाणे छत्री काखेत मारून चाकाबरोबर चालत होते. रांगोळीची रेघ ओलांडून चाक मुरमावर आलं, थोडं पुढे गेलं, आणि मग आतून काहीतरी कडकड मोडल्याचा आवाज झाला. चाक आसापर्यंत खाली गेलं. गाडी एका अंगाला कलली आणि साहेब वाळूसकट चिखलात आले. पडले म्हणणं बरं दिसत नाही. बसले.

साहेबांची हॅट डबक्यात तरंगत होती. त्यांनी बसल्या बसल्या हात खाली घातला आणि एक काळपट काटकी उपसून काढली.

"हे काय आहे?"

नथूबाबा हात जोडून पुढे आले. त्यांना मराठी सुचेना, म्हणून ते अहिराणीतच सगळं सांगत गेले. पाहुणा येणार म्हणून केलं, फसवायचं मनात नव्हतं, लाज वाटली. साहेबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण ते काटकीकडे पाहत राहिले, मग मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा हसले. "पाटील, आपण माझा सत्कार प्रमाणाबाहेर केला." मग आप्पांकडे वळून म्हणाले, "ओव्हरसियर, आता मी चालेन. जे दाखवायचे ते सर्व दाखवा."

त्या दिवशी साहेब गुडघाभर चिखलात सगळं शिवार हिंडले. आप्पांनी त्यांना बूट काढायला लावले आणि रवा-लोणी शिकवलं. परतताना ते मुख्य रस्त्यावर थांबलेल्या बोर्डाच्या गाडीपर्यंत अनवाणी आले. हार मात्र त्यांनी गळ्यात तसाच ठेवला होता.

संध्याकाळी नंदुरबारच्या वाटेवर मी आप्पांना म्हटलं, "आज थोडक्यात वाचलो." मला त्यांच्याकडून शाबासकीचं काही बोलणं अपेक्षित होतं. ते म्हणाले, "चूक माझी. त्या बाईच्या शेतात मला कळलं होतं, तरी इथं लक्षात आलं नाही. नुकसान पाहायला जाण्याआधी माणसांची लाज घालवून यायला हवं. एक दिवस आधी जाऊन त्यांच्यात बसायला हवं होतं." त्यानंतर कुठल्याही गावच्या पाहणीआधी आप्पा आदल्या दिवशी तिथे जाऊन पारावर बसू लागले. गप्पा मारायचे, आपल्याच घराचं गळकं छप्पर वर्णन करून सांगायचे. दुसऱ्या दिवशी लोक आपणहून हात धरून फुटलेली जागा दाखवत.

निंबखेड्याची फरशी मंजूर झाली. आप्पांनी ती उभं राहून बांधून घेतली. प्रत्येक दगड बसताना ते त्यावर छत्री आपटत. गवंडी वैतागून म्हणायचे, "आप्पा, दगडले बी लागस ना!" फरशी पुरी झाल्यावर पहिली भरलेली गाडी गेली तेव्हा आप्पा चाकाबरोबर चालत गेले आणि पलीकडे पोहोचून म्हणाले, "बघू. पावसाळा काढू दे."

पुढे माझी बदली धुळ्याला झाली आणि आप्पा पेन्शनीत निघाले. मला कळत असे की ते आता जेवायला लोकांकडे जातात. "आता कुणाचं काही लिहायचं नाही," म्हणायचे, "बासुंदी वाढा."

त्यांना शेवटचं पाहिलं ते युद्धाच्या दिवसांत, श्रावणात. काही कामासाठी मी निंबखेड्याला गेलो होतो आणि सायकलने परत निघालो होतो. फरशीवरून घोटाभर पाणी पळत होतं, म्हणून मी गावाच्या काठाशी सायकल धरून थांबलो. समोरच्या काठावरून एक बैलगाडी उतरत होती. कानबाईला माहेरी निघालेल्या लेकींनी ती खच्चून भरली होती. कडेवर मुलं, मांडीवर गाठोडी, आणि सगळ्या एका सुरात गात होत्या. त्यांच्या मधोमध, एक पोर मांडीवर घेऊन, हिलालआप्पा बसले होते. छत्री त्या पोराच्या हातात होती. आप्पांचा चेहरा उतरला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डोळे मिटलेले होते.

फरशीच्या तोंडाशी गाडीवानाने सवयीने बैल थांबवले. गाणं थांबलं. नथूबाबांची सोनी मागे वळून म्हणाली, "आप्पा, उतरा ना. फरशी उनी."

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. मांडीवरच्या पोराला जरा वर सरकवलं.

"कसाले? गाडी भरेल शे. हाक तू."

गाडीवानाने कासरा सैल केला. चाकं पाण्यात शिरली, खाली दगडावरून खडखड करत पुढे निघाली, आणि मधोमध आल्यावर बायकांनी पुन्हा गाणं धरलं.